समुद्राकाठी भाड्याचं घर: पहिली रांग, खाडी की चढावरची गल्ली?

नवी_पाटी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नव्या नोकरीवर रुजू व्हायचंय. शहर समुद्रकाठचं, ऑफिस बंदराच्या बाजूला. माझा आजवरचा जन्म कोरड्या हवेत गेला. समुद्र म्हणजे दोन दिवसांची सहल आणि परत येताना चपलेतली वाळू, एवढीच ओळख. आता तिथे भाड्याने राहायचंय. घरात मी, नवरा (घरूनच काम करतो) आणि सासूबाई. त्यांना दमा आहे.

एजंटने तीन जागा दाखवल्यात, सध्या फक्त व्हिडिओवर.

एक: थेट समुद्रासमोर, चौथा मजला. बाल्कनीतून पाणीच पाणी. ऑफिस नकाशावर चार किलोमीटर.
दोन: खाडीकाठी, तिवरांच्या मागे, नवी कोरी इमारत, तळमजला. ऑफिस पुलापलीकडे, अडीच किलोमीटर.
तीन: आत, चढावर, जुनी दुमजली इमारत, वरचा मजला. समुद्र दिसत नाही. "गच्चीवरून दिसतो हो मॅडम," इति एजंट. ऑफिस सहा किलोमीटर.

पहिल्याचं भाडं सगळ्यात जास्त, पण ओढूनताणून परवडेल. मन अर्थातच तिथेच अडकलंय. टोकन द्यायच्या आधी तुम्हाला विचारते.

गंजका_खिळा

पहिल्या रांगेत सहा वर्षं काढलेला माणूस बोलतोय. ताई, व्हिडिओत समुद्र दिसतो, मीठ दिसत नाही.

लाटेत जे बुडबुडे फुटतात त्यांचे बारीक थेंब वाऱ्यावर चढतात, पाणी उडून जातं आणि मीठ घरात येतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे माल भरपूर. बरं, ते नुसतं धुळीसारखं बसूनही राहत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं होतं. म्हणून तिथे पुसलेलं टेबल तासाभरात पुन्हा चिकट लागतं, काडेपेटी सादळते आणि कपडे दोन दिवस वाळत घालूनही गार लागतात.

माझ्या एसीची गोष्ट सांगतो. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या युनिटची जाळी बोटाने दाबली तर भुगा होऊन हातात आली. तांब्याच्या नळ्या, त्यांना चिकटलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि वर मिठाचं पाणी. ही झाली बॅटरी, आणि त्यात जीव जातो ॲल्युमिनियमचा. मालक म्हणाले, "तुमच्या वापराने खराब झालं," आणि डिपॉझिटमधून कापून घेतलं. वापर माझा, मीठ समुद्राचं, पैसे कोणाचे? भांडलो, हरलो.

मतलई

खिळेभाऊ, तुमचं दुःख खरं, पण अर्धंच चित्र सांगताय. मी अकरा वर्षं समुद्रासमोर आहे आणि हलणार नाही.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते ना? तिथे राहिलं की ते अंगाला कळतात. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून गार वारा आत शिरतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा वाहतो, पण तो मंद. ऐन उन्हाळ्यात दुपारी दोनला आमच्याकडे पडदे उडत असतात आणि दोन किलोमीटर आत राहणारी बहीण पंख्याखाली घामाघूम झालेली असते. घरून काम करणाऱ्या माणसासाठी हे काय कमी आहे?

गंज येतो, पण सांभाळता येतो. बाहेरच्या युनिटवर दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा. लोकांना वाटतं पावसात भिजणारी वस्तू आधी गंजते. किनाऱ्यावर उलट होतं. उघड्यावरच्या वस्तूचं मीठ पाऊस धुऊन नेतो. सज्जाखाली आडोशाला लावलेल्या वस्तूवर ते साचत राहतं. सगळ्यात आधी जातात त्या आडोशाच्या पट्ट्या, बिजागऱ्या आणि स्क्रू.

आणि संध्याकाळी सहाला बाल्कनीत खुर्ची टाकली की यातलं काहीही आठवत नाही.

सरळरेषा

नकाशावरचे चार किलोमीटर विसरा. समुद्रकाठच्या घराची एक गंमत असते: त्याच्या निम्म्या बाजूला रस्ताच नसतो. आत वसलेल्या वस्तीतून चहूबाजूंना वाटा फुटतात. एक तुंबली तर दुसरी. किनाऱ्यावर बहुतेक वेळा काठाला समांतर एकच मोठा रस्ता असतो, आणि तुमच्यासकट सगळी वस्ती सकाळी त्याच्यावरच उतरते. सुट्टीच्या दिवशी त्याच रस्त्यावर फिरायला आलेल्यांच्या गाड्या. संध्याकाळी घरी पोचलात तरी पार्किंगची जागा कोणीतरी सूर्यास्त बघत अडवलेली असते.

खाडीच्या घराला पूल आहे म्हणता. एकच पूल? मग तो बंद पडला की अडीच किलोमीटरचे किती होतात ते आधी बघा. सेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस रोजच्या येण्याजाण्यात सरासरी तासभर घालवतो, गावं कितीही वाढोत, वाहनं कितीही वेगवान होवोत. माझ्या अनुभवात तासाच्या वर गेलं की घर कितीही सुंदर असो, चिडचिड सुरू होते.

ऑफिसच्या खऱ्या वेळेला, कामाच्या दिवशी, तिन्ही घरांवरून एकेकदा जाऊन बघा. रविवारच्या रस्त्यावरून काही ठरवू नका.

तिथी_आणि_लाट

कोणीच भरतीचं बोललं नाही, म्हणून लिहितो.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, एकीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आता गणित करा: सात दिवसांत ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी अकराला घर बघितलंत तेव्हा भरती असेल, तर पुढच्या रविवारी अकराला ओहोटी. दोन रविवार जा, खाडीची दोन रूपं दिसतील. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू. एजंट शहाणा असेल तर भरतीच्याच वेळी घर दाखवेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. ठरावीक जागी उधाणाची भरती घड्याळात नेहमी साधारण त्याच वेळेला येते. कुठे सकाळी सहाच्या सुमारास, कुठे बाराच्या, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. तुमच्या बंदराची वेळ काढा. तीच तुमची ऑफिसला निघायची वेळ असेल, तर दर पंधरवड्याला गाठ आहे.

त्यात पाऊस असला की आणखी पंचाईत. गटारांची तोंडं समुद्रात असतात. भरतीचं पाणी त्या तोंडांपेक्षा वर चढलं की पावसाचं पाणी जायला जागाच उरत नाही, आणि झडपा नसतील तर समुद्राचं पाणी उलटं रस्त्यावर येतं. ढग नसतानाही रस्त्यात घोटाभर पाणी का, याचं उत्तर अनेकदा हेच असतं. वादळात हवेचा दाब कमी होतो तेही धरा: दर एक हेक्टोपास्कलला समुद्र साधारण एक सेंटीमीटर वर येतो, आणि वारा लोटतो ते पाणी वेगळंच.

खाडीवाली

खाडीला नावं ठेवण्याआधी एक ऐका. तिवरांच्या मागे वारा आणि लाट दोन्ही मवाळ होऊन येतात, आणि लाटा फुटत नाहीत म्हणून मीठही कमी. माझी खिडकीची ग्रिल नऊ वर्षांची आहे, एकदाच रंग दिलाय. वास येतो, हो. सवय होते असं म्हणणार नाही, पण तो दिवसभर नसतो.

तळमजला मात्र मी घेणार नाही. नव्या इमारतीच्या तळमजल्याने अजून एकही मोठं उधाण बघितलेलं नसतं. ती कोरी आहे म्हणजे तिचा काही इतिहासच नाही. शेजारच्या जुन्या घरांचे उंबरे बघा.

उंबरठा

+१. आणि फोनवरच्या नकाशात उंची बघून निर्धास्त होऊ नका. जगभर वापरली जाणारी उंचीची बरीच माहिती फेब्रुवारी २००० मध्ये स्पेस शटलमधून रडारने घेतलेली आहे. त्या रडारला झाडांचे शेंडे आणि छपरं जमिनीसारखीच दिसतात, त्यामुळे सखल किनारे आहेत त्याहून उंच वाटतात. कित्येक मीटरची चूक सहज असते, आणि तुमचा प्रश्न तर अर्ध्या मीटरचा आहे.

दमेकरी

सासूबाईंबद्दल कोणी बोललं नाही. "समुद्राची हवा छातीला बरी," हे सगळेच सांगतील. मी स्वतः दम्याचा रुग्ण. मला मोकळ्या किनाऱ्यावर कधी त्रास झाला नाही. झाला तो बंद खोलीतल्या ओलीचा. डब्ल्यूएचओने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घर आणि दमा वाढणं यांचा संबंध त्यात स्पष्ट आहे. तेव्हा कपाट भिंतीपासून ओढून मागे बघा. गादीखाली हात घाला. ताजा रंग लावलेली एकच भिंत दिसली तर तीच का रंगवली ते विचारा. आणि डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, धाग्यावर विसंबू नका (माझ्यावरही).

गंजका_खिळा

जुन्या इमारतीत स्लॅबकडेही बघा. मीठ काँक्रीटमधून आत झिरपून सळईपर्यंत पोचलं की तिच्यावरचा संरक्षक थर तुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. बीमच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत तडा दिसला तर समजा काम सुरू झालंय. प्लास्टरचं ठिगळ बघून भुलू नका.

विहीरकाठ

पाणी! बोअरचं असेल तर चव घेतल्याशिवाय करार करू नका. किनाऱ्यालगत जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं. म्हणजे उपशाने वरची पातळी एक मीटर उतरली की खालचं खारं पाणी चाळीस मीटर चढायला बघतं. हिवाळ्यात गोड लागलेली बोअर उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होते ती यामुळे. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, खिशात मावतो. डब्ल्यूएचओच्या मते लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या खाली चव चांगली, १००० च्या वर पिववत नाही. एवढं बघितलं की पुरे.

नवी_पाटी

बापरे! मी फक्त "कुठलं घर घेऊ" एवढं विचारलं होतं. सगळ्यांचे आभार. टोकन थांबवलंय. या आठवड्यात तीन दिवस जाऊन येते. तिथीकाका, परवा पौर्णिमा आहे, मुद्दाम तीच धरली.

तिथी_आणि_लाट

शाब्बास. पण सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेलाच येतं असं नाही, बऱ्याचदा एकदोन दिवसांनी येतं. परतीचं तिकीट लगेचचं काढू नका. (आणि काका नका म्हणू हो, चाळिशीही झालेली नाही.)

नवी_पाटी

आले जाऊन. काका म्हटल्याबद्दल क्षमा असावी. सविस्तर लिहिते.

समुद्रासमोरचं घर. दार उघडलं आणि दोन मिनिटं मी काहीच बोलू शकले नाही, इतकं सुंदर. मग खिळेभाऊ आठवले. बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट! एजंट बघतच राहिला. सरकत्या खिडकीच्या पन्हाळीत पांढरी भुकटी, आणि खिडकी सरकवायला दोन्ही हात लागले. एसीचं बाहेरचं युनिट नेमकं सज्जाखाली, आडोशाला. बेडरूमच्या कपाटामागे हात घातला तर भिंत गार, आणि बोटांना काळपट काहीतरी लागलं. सकाळी तिथून ऑफिसला निघाले: चार किलोमीटरला अडतीस मिनिटं.

खाडीचं घर. आतून लखलखीत. पण खाली पाण्याच्या पंपाची मोटर बघितली. ती गुडघ्याएवढ्या नव्या ओट्यावर बसवलेली, आणि ओट्याच्या शेजारी जमिनीत जुन्या चार बोल्टची भोकं. इमारत दोन वर्षांची, आणि मोटर एकदा उचलून वर ठेवलेली. वॉचमनदादांना विचारलं तर आधी "मेंटेनन्स" म्हणाले. मग मी तिथेच थांबले, इकडचं तिकडचं बोलले, तेव्हा म्हणाले, "ताई, मागच्या पावसाळ्यात दोनदा आलं. एवढं." आणि हात पोटरीवर लावून दाखवला. भरतीची वेळ विचारली. उधाणाला सकाळी नऊच्या आसपास. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पावणेनऊला मुद्दाम पुलापाशी उभी राहिले. आभाळ निरभ्र, आणि पुलाच्या अलीकडच्या सखल भागात गटाराच्या जाळीतून पाणी हळूहळू वर येत होतं. बुडबुडे येत होते. लोक सवयीने पँटा दुमडून, चपला हातात घेऊन जात होते. माझी ऑफिसला पोचायची वेळ साडेनऊ.

तिसरं. चढावर असल्याने पाण्याची भीती नाही, पण जिन्याखालच्या बीमला सळईच्या रेषेत लांबलचक तडा, वर ठिगळ. खिळेभाऊ, तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं. सोडलं.

म्हणजे तिन्ही गेली. चढावरून पायीच उतरत होते, जरा रडवेली होऊनच. खालच्या वळणावर एका गेटला पुठ्ठ्याची पाटी, "जागा भाड्याने देणे आहे". मालकीणबाई खालीच राहतात. पहिला मजला, किनाऱ्यापासून चालत बारा मिनिटं, मधे इमारतींच्या चार रांगा. कपाटांमागच्या भिंती कोरड्या. पाणी नळाचं. ऑफिसला जायला दोन रस्ते. दोन्हीवरून ऐन सकाळी गेले: पंचवीस आणि एकतीस मिनिटं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, समोरच्या दोन टाक्यांच्या फटीत, बोटभर रुंदीचा समुद्र दिसतो. नवरा व्हिडिओवर बघून म्हणाला, "हा समुद्र की आभाळाचा तुकडा?" मीही नक्की सांगू शकले नाही.

करार करायच्या आधी काय बघू?

सरळरेषा

दोन रस्ते! घ्या.

मतलई

बारा मिनिटं चालत म्हणजे रोज संध्याकाळी जाल. मला बाल्कनीत बसून वजन वाढलंय. घ्या.

करारनामा

माझा रोजचा विषय, म्हणून लांब लिहितो. नवी नोकरी, म्हणजे बहुधा प्रोबेशन असेल. लॉक-इन त्याहून मोठा ठेवू नका. सहा महिन्यांचं प्रोबेशन आणि अकरा महिन्यांचं लॉक-इन ही जोडी फसवी: नोकरीने सोडलं तरी घर सोडत नाही. मालकीणबाई समजूतदार वाटतात, तर आत्ताच बोला.

दुसरं, गंज. करारात "नेहमीच्या वापराने होणारी झीज" असं मोघम लिहिलेलं असतं. किनाऱ्यावर त्यात एक ओळ वाढवून घ्या: खाऱ्या हवेने होणारा गंज, रंगाचे पोपडे आणि ओल ही झीजच धरली जाईल. एसी, गीझर, ग्रिल, नळ यांची दुरुस्ती कोणाकडे, ते नावानिशी लिहा. आधी ज्यांचे पैसे कापले गेले त्यांच्या करारात ही ओळ नसणार, पैज लावतो.

तिसरं, सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक बिजागरी, प्रत्येक नळ, प्रत्येक कोपऱ्याचा फोटो. तेच फोटो त्याच दिवशी मालकीणबाईंना पाठवून ठेवा. तारीख आपोआप नोंदली जाते आणि पुढे कोणी कोणाला खोटं म्हणत नाही.

गंजका_खिळा

पैज जिंकलात. नव्हती.

नवी_पाटी

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. चढाखालचंच घर घेतलं. लॉक-इन सहा महिन्यांवर आणलं. गंजाची ओळ ऐकून मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "लिही बाई, माझंच कपाट गंजलंय." सासूबाईंचा दमा होता तिथेच आहे, वाढलेला नाही. त्या रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जातात, आणि आता भरतीची वेळ आम्हाला त्याच सांगतात.

एकच तक्रार. नवऱ्याची सायकल खाली अंगणात असते आणि साखळी दर आठवड्याला लाल होते. किनाऱ्यापासून एवढ्या आत येऊन हे कसं?

मतलई

सायकल किनाऱ्यावर नेतो का?

नवी_पाटी

रोज. वाळूवरूनच चालवतो.

गंजका_खिळा

मग मीठ हवेने नाही आणलं, त्याने स्वतः आणलंय. आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवायची, कोरडी पुसायची, आणि मगच तेल. न धुता तेल दिलं तर मीठ आतच अडकतं. साखळी बदलायची वेळ आली असेल तर कड्या एका पट्टीवर मोजून बघा: नव्या साखळीत बारा इंचांत बरोबर बारा जोड्या बसतात. बारा जोड्यांची लांबी बारा आणि एक सोळांश इंचाच्या पुढे गेली की बदला.